तिजोरीवरचे जंतू चोराचं नाव सांगत नाहीत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सुरुवात ‘चोरांनो सावधान’, शेवट ‘प्रत्येक घरात पोहोचवा’. मधला मजकूर थोडक्यात असा: माणसाच्या शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात; प्रत्येकाचे जंतू बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात आणि जन्मभर तेच राहतात; हात धुतले, हातमोजे घातले तरी ते मागे उरतात; अमेरिकेत नुसत्या कीबोर्डवरून माणूस शंभर टक्के ओळखला गेला; प्रेतावरचे जंतू मृत्यूची वेळ तासाच्या हिशेबात सांगतात; एफबीआयने अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू पसरवणारा गुन्हेगार केवळ जंतूंवरून पकडला; आपल्याकडे मात्र यातलं कोणाला काहीच ठाऊक नाही. आणि मग खरी मेख: नव्या कायद्याने हे सगळं आता चालतं, तेव्हा चोरी झाली की कामवाल्या मावशी, वॉचमन, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले अशा सगळ्यांच्या हातांचे स्वॅब इअरबडने घ्या, पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि लॅबला द्या.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एका फ्लॅटमधून बांगड्या गेल्या आणि हा मेसेज एका रात्रीत ठरावाच्या मसुद्यापर्यंत पोहोचला. ‘मॅडम, तुम्ही लॅबवाल्या. एका सॅम्पलचा रेट काय पडेल?’ असं सेक्रेटरींनी मलाच विचारलं. मी एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात काम करते, दिवस कल्चरच्या प्लेटी, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, बघण्यात जातो. ग्रुपवर चार ओळींत जे सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते, कारण मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, आणि अर्धं खरं खोडून काढायला जास्त जागा लागते.

‘अमेरिकेत कीबोर्डवरून माणूस शंभर टक्के ओळखला.’

प्रयोग खरा आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या नोआ फिरर, रॉब नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. त्यांनी तीन माणसांच्या कीबोर्डची एकेक कळ पुसून तिच्यावरचे जंतू त्या-त्या माणसाच्या बोटांशी ताडून पाहिले. कीबोर्ड तीनच होते बरं का. मग नऊ जणांचे माउस घेतले आणि त्यांवरचे जंतू मालकाच्या तळहाताशी, तसंच त्या माउसला कधीच न लागलेल्या २७० हातांच्या नोंदींशी जुळवून पाहिले. नऊच्या नऊ वेळा माउस परक्या हातांपेक्षा मालकाच्या हाताच्या जास्त जवळचा निघाला. कल्पना म्हणून झकासच. पण शंभर टक्क्यांचा दावा खुद्द फिरर यांनी केला नव्हता. त्यांनी त्या वेळी अचूकता ७० ते ९० टक्के सांगितली होती आणि अजून बरंच काम बाकी आहे, असंही म्हटलं होतं.

नव्वद टक्के म्हणजे पुष्कळ झाले, असं वाटेल. जरा हिशेब करू. आमच्या इमारतीत मावशी, वॉचमन, गाड्या धुणारे, दूधवाले, प्लंबर मिळून चाळीस माणसं येतात-जातात असं धरा, आणि चाचणी दहातल्या एका निर्दोष माणसाकडे चुकून बोट दाखवते असं समजा. चोर या चाळीसांत नसलाच, तर हाती काय लागेल? चार ‘चोर’. त्यातली एखादी त्याच घरात भांडी घासणारी बाई असेल, आणि दुसऱ्या दिवशी तिची पाचही घरांची कामं सुटलेली असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आणि हे अवघ्या चाळीस माणसांचं झालं. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत अठरा लाखांवर माणसं होती. २७० हातांच्या यादीतून मालक शोधणं आणि अठरा लाखांतून चोर शोधणं ही एकाच तोलाची कामं नव्हेत.

प्रयोगातल्या वस्तूही बघा. माउस एकाच माणसाच्या हाताखाली महिनोन्‌महिने असतो. चोर कपाटाच्या मुठीला दोन मिनिटं हात लावतो. त्या मुठीवर आधीच घरातल्या सगळ्यांच्या हातांचे थर असतात: आजींचं खोबरेल, पोरांचं चिकट काहीबाही, दिवाळीच्या साफसफाईतलं फडकं. त्यात मावशी रोज तिथली धूळ पुसणार. मावशींच्या हातावरचे जंतू कपाटावर मिळाले तर नवल ते काय? न मिळाले तरच विचारायला हवं की पुसणं होतं की नाही! उलट तुमच्या घरातले जंतूही त्यांच्या हातांवर मिळतील. हे जुळणं हात कधी लागला ते सांगत नाही आणि कशासाठी लागला तेही नाही.

याच शोधनिबंधात आणखी एक बाब होती, तीही मेसेजमध्ये सोयीस्करपणे सुटली. त्वचेवरून घेतलेले नमुने दोन आठवडे घरातल्या तापमानाला, म्हणजे साधारण २० अंशांना, उघडे ठेवले तरी फारसे बदलले नाहीत, असं त्यांना दिसलं. पण ती कोलोरॅडोतली खोली होती. जुलैत आमच्याकडे चामड्याच्या पट्ट्यावर दोन दिवसांत बुरशी धरते. इथल्या दमट हवेत दाराच्या कडीवरचे जंतू दोन आठवडे जैसे थे राहतील, असं त्या प्रयोगाच्या भरवशावर कोणाला म्हणता येणार नाही.

‘ठशांसारखे वेगळे, आणि जन्मभर तेच.’

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि खोल जखम सोडली तर मरेपर्यंत तशाच राहतात. जंतूंचं तसं नाही. फिरर यांच्याच गटाने २००८ साली ५१ विद्यार्थ्यांचे १०२ तळहात तपासले होते. एकेका तळहातावर सरासरी दीडशेहून अधिक प्रकारचे जीवाणू निघाले. कोणत्याही दोन माणसांच्या हातांवर त्यांतले फक्त १३ टक्के प्रकार सामाईक होते. मेसेज लिहिणारा हा आकडा वाचून हरखला असणार. पण त्याच निबंधात पुढे आहे की एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या हातांत सामाईक प्रकार होते अवघे १७ टक्के. तेरा आणि सतरा! उजव्या हाताने तिजोरी उघडणाऱ्याचा डावा हात तपासलात तर तो जवळपास परकाच ठरायचा.

२०१५ साली हार्वर्डमधल्या कर्टिस हटनहॉवर यांच्या गटाने काळाचीही परीक्षा घेतली. १२० जणांच्या शरीरातल्या जंतूंची जणू सांकेतिक खूण बनवली आणि काही महिन्यांनी ती पुन्हा त्याच माणसाला जुळते का, ते पाहिलं. आतड्यातल्या जंतूंनी बाजी मारली: ८० टक्क्यांहून अधिक माणसं वर्षभरानेही ओळखता आली. त्वचेच्या बाबतीत मात्र गाडी एक तृतीयांशाच्या आसपासच अडकली. म्हणजे भरवशाचे जंतू विष्ठेतले, आणि चोर मागे ठेवून जातो ते हाताचे. (जुन्या घरफोड्यांच्या काही टोळ्या चोरीच्या जागी शौच करून जात, अशा कथा पोलिसांकडून ऐकायला मिळतात. पण तसं झालंच तर त्यातून माणसाचा स्वतःचा डीएनए काढता येतो. जंतूंच्या मागे लागायचं कारण नाही.)

शिवाय एकत्र राहणाऱ्यांचे जंतू एकमेकांसारखे होत जातात. अमेरिकेत साठ कुटुंबांच्या २०१३ च्या अभ्यासात घरातल्या माणसांची त्वचा परक्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळली, आणि कुत्रा पाळणाऱ्यांची त्वचा स्वतःच्या कुत्र्याशी. दुसऱ्या एका अभ्यासात, २०१४ च्या, सात कुटुंबांचा पाठपुरावा केला तेव्हा नव्या घरात राहायला गेल्यावर थोड्याच वेळात तिथल्या जमिनीवर आणि मुठींवर त्या कुटुंबाचे जंतू पसरलेले दिसले. कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं एका बादलीत कपडे भिजवतात, एका टॉवेलला हात पुसतात. तिथे भाऊ कोणता आणि भावजय कोणती, हे हाताच्या जंतूंवरून कसं वेगळं काढणार? आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ऐरोली ते ठाणे ज्या दांडीला लोंबकळतो, तिच्यावरून आपण काय-काय घरी आणतो, ते तर विचारूच नका.

एक बाजू मात्र जंतूंची खरोखर उजवी आहे. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत वेगळा करता येत नाही. त्यांचे जंतू मात्र वेगळे असतात. जुळ्या भावांपैकी नेमका कोण, असा पेच कधी न्यायालयात आला तर हे काम उपयोगी पडू शकेल. आमच्या सोसायटीत जुळी आहेत ती बालवाडीतली.

दहापटीचं एका दमात संपवते. तो जुना, अंदाजपंचे आकडा आहे. २०१६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी नव्याने हिशेब मांडला: सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू, सुमारे ३० लाख कोटी पेशी. जवळपास बरोबरी. आणि सगळ्या जीवाणूंचं वजन पाव किलोच्या आत.

हात धुण्याचंही तसंच. धुतल्यावर काही तासांत हातावरची जंतूंची वस्ती बरीचशी पूर्ववत होते, तेवढं खरं. पण मुद्दा असा की हातमोजा घातलेला हात मुठीला लागतच नाही. मग मुठीवर राहणार ते मोज्याच्या बाहेरचं, म्हणजे तो ज्या खिशातून, पिशवीतून किंवा गाडीच्या डिकीतून आला तिथलं.

‘कोणत्याही लॅबमध्ये होईल.’

हे मेसेजमध्ये सरळ लिहिलेलं नाही, पण ‘रेट काय पडेल’ या प्रश्नात ते आहेच. म्हणून माझ्या टेबलावर काय होईल ते सांगते. हाताचा स्वॅब मी ब्लड अगरच्या, म्हणजे रक्त मिसळलेल्या जेलीच्या, प्लेटवर फिरवला आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवला, तर सकाळी लालभडक प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढुरक्या कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या वसाहती, दिसतील; त्या बहुतेक स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस या त्वचेवरच्या नेहमीच्या जीवाणूच्या. अधूनमधून मायक्रोकॉकसचे पिवळे ठिपके. कोणी मातीत हात घालून आलं असेल तर बॅसिलसची एखादी खरखरीत, पसरट, करड्या रंगाची कॉलनी. सेक्रेटरींची प्लेट आणि वॉचमनकाकांची प्लेट शेजारी ठेवून लेबलं काढून घेतलीत, तर कोणाची कुठली ते मला सांगता येणार नाही. ‘हाताच्या त्वचेवरचे नेहमीचे जंतू’ असा एकच रिपोर्ट दोघांना मिळेल, आणि दोघांकडून पैसे घेतल्याबद्दल मलाच लाजल्यासारखं होईल.

ते प्रयोग या पद्धतीने झालेच नव्हते. त्यात जंतू वाढवत नाहीत. नमुन्यातला सगळा डीएनए काढून जीवाणूंच्या एका ठरावीक जनुकाचे हजारो तुकडे वाचतात आणि संगणकावर त्यांची वर्गवारी करतात. मुठीवरून मिळणारा डीएनए इतका थोडा असतो की किटच्या रसायनांत मुळातच असलेला जीवाणूंचा डीएनए त्याला झाकून टाकू शकतो. २०१४ साली ब्रिटिश संशोधकांनी हे पुराव्यानिशी दाखवल्यापासून कोरा स्वॅब सोबत चालवल्याशिवाय अशा निकालाला कोणी जाणकार हात लावत नाही. माणसाच्या डीएनएतही हा घोळ झालेला आहे. जर्मनीत एका ‘बाई’चा डीएनए डझनावारी गुन्ह्यांच्या जागी मिळत होता. पोलिस वर्षानुवर्षं तिच्या मागावर होते. २००९ साली उलगडा झाला तो असा की तो डीएनए स्वॅबच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईचा होता. तिचा गुन्हा एवढाच की ती कापसाच्या काड्या भरत होती. तिथले स्वॅब निदान निर्जंतुक तरी होते; आमच्याकडे ठराव आहे इअरबडचा.

‘जंतू मृत्यूची वेळ तासाच्या हिशेबात सांगतात.’

इथे मेसेजवाल्याच्या हाती चांगला धागा लागला होता, पण त्याने ओढून तोडला.

जंतूंचं घड्याळ आपले शवविच्छेदन करणारे डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेत. माणूस गेल्यावर शरीराची राखण थांबते आणि आतड्यातले जीवाणू बाहेर पसरायला लागतात. त्यांच्यापासून निघणारा हायड्रोजन सल्फाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जुळला की हिरवट रंग उमटतो. पहिला डाग बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, कारण मोठ्या आतड्याची पिशवी तिथे कातडीच्या जवळ असते. आपल्या पाठ्यपुस्तकांत उन्हाळ्यात तो १२ ते १८ तासांत आणि थंडीत एक-दोन दिवसांत दिसतो असं दिलेलं असतं. मग पोट फुगतं, शिरांच्या जाळ्या हिरव्या-तपकिरी उठून दिसतात. शवविच्छेदनाच्या अहवालातल्या ‘मृत्यू अंदाजे इतक्या वेळापूर्वी’ या ओळीमागे शरीराचं तापमान आणि ताठरपणा यांच्याबरोबर जीवाणूंचंही हे काम उभं असतं. डॉक्टर त्याला ‘सूक्ष्मजीव पुरावा’ म्हणत नाहीत इतकंच.

नवं आहे ते डीएनए वाचून हे घड्याळ नेमकं करण्याचं काम. जेसिका मेटकाफ यांच्या गटाने २०१३ साली उंदरांवर दाखवलं की ४८ दिवसांच्या काळात साधारण तीन दिवसांच्या फरकाने मृत्यूची वेळ सांगता येते. २०२४ मध्ये त्यांनी माणसांवरचं मोठं काम प्रसिद्ध केलं. टेनेसी, टेक्सस आणि कोलोरॅडोतल्या तीन केंद्रांत, दान केलेले ३६ देह वेगवेगळ्या ऋतूंत मोकळ्यावर ठेवले आणि २१ दिवस रोज नमुने घेतले. हवामान वेगळं असूनही कुजवणाऱ्या जीवाणूंची आणि बुरशींची एक ठरावीक टोळी सगळीकडे दिसली, आणि तिच्यावरून मृत्यूचा काळ तीन दिवस पुढेमागे इतका सांगता आला. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं हे सर्वांत भक्कम काम आहे. पण मेसेज म्हणतो तास, आणि ते म्हणतात दिवस. पहिल्या दिवसा-दोन दिवसांसाठी तर शरीराचं तापमान आणि ताठरपणाच जास्त कामाचे.

आणि ते देह आपल्याकडचे नव्हते. येऊरच्या जंगलात आषाढात पडलेला देह, दिघ्याच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बंद राहिलेला देह आणि वाशीच्या खाडीपुलाखाली भरती-ओहोटीत हेलकावे खाणारा देह, ही तीन वेगवेगळी घड्याळं झाली. इथल्या पावसाळ्यात, इथल्या मातीत ती लावून बघितल्याशिवाय त्यांच्यावर कोणाच्या जन्मठेपेचा हिशेब करता येणार नाही.

‘आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही.’

याचा मात्र मला राग आला. माणूस पाण्यात बुडूनच मेला का, हे तपासणारी डायटम चाचणी आपल्याकडे कैक वर्षं होते. २०२१ च्या मार्चमध्ये मुंब्रा-रेतीबंदरच्या खाडीत मिळालेल्या मृतदेहाच्या प्रकरणात हा शब्द मराठी बातम्यांतही फिरला होता. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तेव्हाही तो ढकलला असणार.

डायटम म्हणजे पाण्यातली एकपेशीय शैवालं. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी चिखलात चोच उलटी घालून जे सूक्ष्म शैवाल गाळून खातात, त्यात हेही असतात. यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच. जिवंत माणूस बुडतो तेव्हा तो पाणी श्वासाबरोबर आत ओढतो. फुप्फुसातल्या नाजूक भिंती फाटतात, डायटम रक्तात शिरतात, आणि धडधडणारं हृदय त्यांना थेट हाडाच्या मगजापर्यंत पोहोचवतं. आधी मारून मग पाण्यात टाकलेल्या माणसाचं हृदय थांबलेलं असतं. पाणी फुप्फुसात झिरपलं तरी मगजापर्यंत नेणार कोण? म्हणून मांडीच्या हाडातला मगज काढून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. मांस, चरबी, सगळं विरघळतं आणि काचेच्या त्या डब्या तेवढ्या उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची नक्षी बघायची: काही होडीसारख्या लांबट, काही गोल चकत्या.

आता तलावांच्या या शहरात ही नक्षी काय करू शकते बघा. मासुंदा, उपवन, कचराळी ही गोड्या पाण्याची तळी. खाडीचं पाणी मचूळ-खारं. दोन्हीकडचे डायटम सारखे नसतात. खाडीत मिळालेल्या देहाच्या मगजात गोड्या पाण्यातले डायटम निघाले, तर माणूस बुडाला कुठे आणि त्याला खाडीत आणून टाकलं कोणी, हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच घटनास्थळाच्या पाण्याची बाटली सोबत पाठवावी लागते. ती नसेल तर अर्धी चाचणी वाया. येऊरच्या डोंगरातली माती आणि खाडीचा खारट गाळ यांतले जीवाणूही असेच वेगळे पडतात, कारण मातीतल्या जीवाणूंची वस्ती बरीचशी तिच्या आम्लतेवर ठरते. बुटाच्या तळव्याला कुठली माती आहे, हे सांगायला त्याची मदत होऊ शकते.

आणि एवढी जुनी चाचणी असूनही तज्ज्ञ तिच्यावर आंधळा विश्वास टाकत नाहीत. डायटम पिण्याच्या पाण्यातून, अन्नातूनही शरीरात जातात, आणि खरोखर बुडालेल्या माणसात कधीकधी मिळतही नाहीत. म्हणून इतर पुराव्यांना दुजोरा एवढंच तिचं स्थान.

‘एफबीआयने केवळ जंतूंवरून गुन्हेगार पकडला.’

२००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टपालाने अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. पाच माणसं मेली, सतरा आजारी पडली. पाकिटांतल्या जीवाणूंमध्ये झालेले चार बारीक बदल हेरले गेले. असेच बदल कुठे आहेत ते हुडकायला प्रयोगशाळांतून हजाराहून अधिक नमुने गोळा केले. त्यांतल्या आठांत चारही बदल मिळाले आणि माग लष्करी संशोधन संस्थेतल्या ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञाच्या एका चंबूपर्यंत गेला. पण त्या चंबूतलं वाण इतरांच्याही हाती लागण्यासारखं होतं. आयव्हिन्सने २००८ साली, खटला उभा राहायच्या आधीच, आत्महत्या केली. २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सगळं तपासून निर्वाळा दिला की केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून या जीवाणूंचं मूळ ठामपणे सांगता येत नाही. आणि त्याआधी ज्या दुसऱ्या शास्त्रज्ञावर काही वर्षं संशय होता, त्याला सरकारने सुमारे ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. निरपराध माणसावर आळ आला की काय होतं, त्याचा हा भाव.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याशी नातं सांगणारं आहे. १९८४ साली अमेरिकेत ओरेगॉनमधल्या द डॅल्स गावात ७५१ माणसांना साल्मोनेला या जुलाब-उलट्या करणाऱ्या जीवाणूची बाधा झाली. आरोग्य खात्याने आधी खापर फोडलं ते हॉटेलांत काम करणाऱ्यांच्या अस्वच्छ हातांवर. हातावर पोट असलेल्यांच्या हातांवर संशय घ्यायला तिथेही वेळ लागला नव्हता! पुढच्या वर्षी खुद्द रजनीश यांनीच आपल्या तिथल्या आश्रमातल्या मंडळींवर जाहीर आरोप केले, तपास झाला, आणि आश्रमाच्या प्रयोगशाळेत त्याच वाणाचा साल्मोनेला मिळाला. निवडणुकीत मतदारांनी घराबाहेर पडू नये म्हणून तो सॅलडमध्ये कालवला होता. जंतूंनी शिक्कामोर्तब केलं. तोंड आधी माणसांनी उघडलं.

जंतूंचा पुरावा चालतो तो असा. हाताच्या सगळ्या गोतावळ्याचा नाही, एका विशिष्ट रोगजंतूच्या वंशावळीचा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात एका भूलतज्ज्ञाने स्वतः मॉर्फिन टोचून त्याच सुया रुग्णांना वापरल्या आणि २७५ जणांना हिपॅटायटिस सी झाला. २००७ साली त्याला १,९३३ वर्षांची शिक्षा झाली. विषाणूंची वंशावळ लावताना ३२२ रुग्ण तपासले होते. त्यांतल्या ४७ जणांचा विषाणू वेगळ्या कुळातला निघाला आणि त्यांची प्रकरणं या डॉक्टरच्या माथी मारली गेली नाहीत. मला त्या निकालातली ही सत्तेचाळीसची गोष्ट शिक्षेच्या आकड्याहून मोठी वाटते.

लिबियात नेमकं उलट झालं. बेंगाझीच्या मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची बाधा झाली आणि पाच बल्गेरियन परिचारिका व एका पॅलेस्टिनी डॉक्टरला मृत्युदंडाची शिक्षा झाली. २००६ च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी विषाणूंच्या जनुकांवरून दाखवलं की ही मंडळी मार्च १९९८ मध्ये कामावर यायच्या आधीपासूनच तो विषाणू तिथे पसरत होता. न्यायालयाने त्याच महिन्यात पुन्हा मृत्युदंडच ठोठावला. त्यांची सुटका २००७ च्या जुलैत झाली ती वाटाघाटींतून. जंतू खरं बोलत होते, ऐकणारं कोणी नव्हतं. बाहेरून आलेल्या, परक्या, पगारी माणसांवर आळ घ्यायचा ठरला की हे असं होतं.

‘नव्या कायद्याने आता हे चालतं.’

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. राहत्या घरातली चोरी या मर्यादेत बसते. कलम ५१ प्रमाणे अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी पोलिसांच्या सांगण्यावरून नोंदणीकृत डॉक्टर करू शकतो. त्यात रक्त, थुंकी, घाम, केस, नखं आणि डॉक्टरला गरजेच्या वाटतील अशा इतर चाचण्या येतात. ‘इतर’मध्ये ओढूनताणून हाताचा स्वॅब बसवता येईलही. पण तो अटक झालेल्याचा आणि डॉक्टरने घेतलेला. सोसायटीच्या सेक्रेटरीला, खजिनदाराला किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कोणाच्या हाताला बोट लावायचाही अधिकार नाही. आणि न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञ जे सांगतो ते मत असतं. ते मानायचं की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.

‘मावशी स्वतःहून तयार असतील तर?’ असं ग्रुपवर एका ताईंनी विचारलं. ज्यांचं महिन्याचं रेशन तुमच्या हातात आहे, त्या तयार होणार नाहीत तर काय करतील?

राहिला इअरबड. कपाटाची मूठ इअरबडने घासलीत की तिच्यावरचा बोटाचा ठसा गेला, आणि चोराच्या घामातून, कातडीतून आलेला त्याचा स्वतःचा डीएनएही गेला. हे दोन पुरावे त्याला खरोखर पकडून देऊ शकले असते. ठसे जुळवायला २०२२ पासून ‘नाफिस’ ही देशभरातल्या गुन्हेगारांच्या ठशांची यादी आहे. हाताच्या जंतूंची अशी यादी नाही.

तेव्हा चोरी झाली की ती खोली बंद करा आणि ११२ ला फोन लावा. ‘बघू तरी काय-काय गेलंय’ म्हणून कपाट उपसू नका. शेजाऱ्यांना आत बोलावून दाखवू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत कॉपी करून ठेवा, कारण बऱ्याच सोसायट्यांत ते काही दिवसांत आपोआप जातं. दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले ते घातलेले फोटो शोधा; एफआयआरला आणि विम्याला दोन्हीकडे ते लागतात. आणि फ्रीजमध्ये पिशवीत इअरबड ठेवले असतील तर टाकून द्या, शेजारी दही आहे.